सार्जंट म्हणाला होता, सहा महिन्यांनी आपोआप होईल

पत्र असं आहे, थोडं आखडतं घेऊन देतेय:

"मावशी, मी टेक्सासला असतो. आठवीत असताना आईबाबांबरोबर साताऱ्याहून इकडे आलो, त्यांच्याबरोबरच सिटिझन झालो. २०१० ला हायस्कूल संपलं आणि इथूनच यूएस आर्मीत भरती झालो, ट्रक ड्रायव्हर म्हणून. २०१२ मध्ये अफगाणिस्तान, कंदाहारच्या बाजूला. कॉन्व्हॉयमध्ये माझ्या पुढचा ट्रक उडाला. जानेवारी २०१३ ला परत आलो तेव्हापासून झोप नाही, दारू वाढली, दोनदा फॉर्मेशनला (हजेरीच्या रांगेला) गेलोच नाही, आर्टिकल १५ (कोर्टाशिवाय कमांडरने दिलेली शिक्षा) झाले, मग युरिन टेस्टमध्ये गांजा निघाला. जून २०१४ ला 'अदर दॅन ऑनरेबल' देऊन काढलं. बोर्डासमोर बाजू मांडायचा हक्क होता पण सार्जंट म्हणाला सही करून मोकळा हो, सहा महिन्यांनी आपोआप अपग्रेड होतं. काही झालं नाही. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बाबांनी गावाकडे सांगितलंय की मी कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करून बाहेर पडलो. घरात हा विषय निघत नाही. २०१३ च्या दिवाळीला सुट्टीवर होतो, देवळाच्या पार्किंगमध्ये पोरांनी फटाके लावले आणि मी गाडीखाली जाऊन पडलो, आईने सगळ्यांना सांगितलं त्याची चावी पडली होती. आता लग्न झालंय, मुलगी आहे, वेअरहाऊसमध्ये शिफ्ट लीड आहे. मधे डॉक्टरने पीटीएसडी (भयंकर अनुभवाच्या धक्क्यातून होणारा मनाचा आजार) सांगितलं, गोळ्या चालू आहेत. नर्सिंग करायचंय पण जीआय बिल (माजी सैनिकांना मिळणारे शिक्षणाचे पैसे) मिळत नाही. एक वकील पाच हजार डॉलर म्हणतो. आता उशीर झालाय का, वकील करावा का, आईबाबांना न कळता हे होईल का, आणि नोकरीच्या फॉर्मवर डिस्चार्जचं विचारतात तिथे काय लिहू?"

आधी तारखेचं बोलू कारण तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि ती तू येताजाता लिहून गेलायस. जून २०१४. उशीर झालेला नाही. आर्मी डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड म्हणजे मिळालेला डिस्चार्ज परत तपासणारं मंडळ, त्यांच्याकडे डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, म्हणजे तुझ्यासाठी जून २०२९. फॉर्म डीडी २९३, फी काही नाही. ही मुदत हुकली तरी सगळं संपत नाही, पुढे आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स आहे, त्याचा फॉर्म डीडी १४९, तिथे नियमाने ३ वर्षांची मुदत आहे पण न्यायासाठी गरज आहे असं वाटलं तर ते मुदत बाजूला ठेवतात. पण तिथे सुनावणी मिळणं त्यांच्या मर्जीवर असतं, आणि रिव्ह्यू बोर्डाकडे मात्र तू मागितलीस तर तुला तुझ्या तोंडाने बोलायला मिळतं, व्हिडिओवर किंवा फोनवर सुद्धा. म्हणून आधी हे दार, आणि २०२९ च्या मे महिन्यात धावत सुटायचं नाही.

तुमच्या सार्जंटने जे सांगितलं ते अमेरिकन आर्मीत पिढ्यानपिढ्या सांगितलं जातंय आणि ते कधीच खरं नव्हतं. सहा महिन्यांनी काय, साठ वर्षांनी सुद्धा आपोआप काही होत नाही, अर्ज केला तरच फाइल उघडते. तो मुद्दाम खोटं बोलला असेल असं नाही, त्यालाही कोणीतरी हेच सांगितलं असणार. ओटीएच, म्हणजे तुला दिलेला 'अदर दॅन ऑनरेबल', द्यायचा विचार असेल तर सोल्जरला प्रशासकीय बोर्डासमोर उभं राहायचा हक्क असतो, आणि २२-२३ वर्षांच्या, रात्र रात्र जागणाऱ्या पोराकडून तो हक्क सोडल्याची सही अशी एका वाक्यात घेतली जाते हे मला आजही चीड आणतं. पण नुसत्या त्या वाक्यावर केस उभी राहणार नाही हे पण लगेच सांगते, कारण ते वाक्य कागदावर कुठेच नाहीये, आणि रिव्ह्यू बोर्ड सुरुवातच या गृहीतावर करतं की सरकारने जे केलं ते नियमाप्रमाणेच केलं, ते खोडून काढायचं काम तुझं. स्टेटमेंटमध्ये ते एक-दोन ओळीत येऊ दे, तक्रारीचा सूर न लावता.

एक भीती लोकांना असते ती पण काढून टाक, की अर्ज केला आणि त्यांनी अजून वाईट करून ठेवलं तर. रिव्ह्यू बोर्ड तुझा डिस्चार्ज आहे त्यापेक्षा खाली नेऊ शकत नाही. आहे तसा ठेवतील किंवा वर नेतील, बस.

आता तुझा डीडी २१४, म्हणजे आर्मीतून बाहेर पडल्याचा दाखला, काढ. मेंबर-१ आणि मेंबर-४ अशा दोन कॉपी दिलेल्या असतात, बरेच जण मेंबर-१ फाइलला लावून ठेवतात कारण त्यात खालचा भाग नसतो, दाखवायला बरी वाटते. तुला मेंबर-४ पाहिजे. त्यात ब्लॉक २४ मध्ये कॅरॅक्टर ऑफ सर्व्हिस, म्हणजे ऑनरेबल का ओटीएच तो शिक्का, २५ मध्ये कुठल्या नियमाखाली काढलं, २६ मध्ये सेपरेशनचा म्हणजे काढण्याचा कोड, २७ मध्ये परत भरतीचा कोड आणि २८ मध्ये कारण शब्दात. तुझ्या केसमध्ये २८ ला बहुतेक 'मिसकंडक्ट' आणि कंसात 'ड्रग अब्यूज' असेल. लोक फक्त ब्लॉक २४ मागतात आणि २८ तसंच राहतं, मग ऑनरेबल मिळूनसुद्धा कुठल्याही एचआरच्या बाईला दोन ओळी खाली गांजाचा उल्लेख वाचायला मिळतो. नर्सिंगमध्ये जायचंय ना तुला, म्हणून सांगते. अर्जात दोन्ही माग, कॅरॅक्टर पण आणि कारण पण, आणि कारणाबरोबर कोड.

मेंबर-४ सापडत नसेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे स्टँडर्ड फॉर्म १८० पाठव, ऑनलाइनही होतं. पण नुसता डीडी २१४ मागून थांबू नकोस, पूर्ण पर्सोनेल फाइल माग, मेडिकल रेकॉर्ड माग (२०१४ पासून सुटलेल्या आर्मीवाल्यांचे ते बहुधा सेंट लुईसला नसतात, फॉर्मवरच्या पत्त्यांच्या यादीत बघ), आणि सेपरेशन पॅकेट माग, ज्यात कमांडरने काय लिहिलं, तू कशावर सही केलीस, टेस्टचा रिपोर्ट, आर्टिकल १५ चे कागद हे सगळं असतं. ते हातात येईपर्यंत अर्जाची एक ओळ लिहू नकोस. आठवणीवर लिहिलेलं आणि फाइलमधलं जुळलं नाही की केस तिथेच ढिली होते, तारीख चुकली तरी वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

पॅकेट आलं की दोन गोष्टी शोध. पहिली, युरिन टेस्ट कशी झाली होती. अख्ख्या युनिटची सरसकट होती, का 'हा पोरगा विचित्र वागतोय, तपासा याला' म्हणून कमांडरने एकट्या तुझी करवली होती? लॅबच्या कागदावर टेस्टचा कोड असतो, सरसकट असेल तर आययू, आणि ड्युटीसाठी फिट आहे का हे बघायला कमांडरने करवलेली असेल तर सीओ. या दुसऱ्या प्रकारच्या टेस्टला आर्मीच्या नियमात 'लिमिटेड यूज' म्हणतात, म्हणजे तिचा निकाल उपचारासाठी वापरायचा, आणि तो सेपरेशनच्या कारवाईत पुरावा म्हणून सरकारनेच पुढे केला तर डिस्चार्ज ऑनरेबलच द्यावा लागतो. हे कित्येक सोल्जरना माहीत नसतं आणि कित्येक कमांडरनापण नसतं. तुझा कोड सीओ निघाला तर केसचा रंगच बदलेल, मग ती दयेची मागणी राहत नाही, नियम मोडल्याची होते.

दुसरी, मेडिकल तपासणी. अमेरिकन कायद्यात कलम आहे, टायटल १० चं ११७७, तुला काढलं तेव्हा लागू होतं. मागच्या २४ महिन्यात परदेशी मोहिमेवर जाऊन आलेल्या माणसाला पीटीएसडी किंवा डोक्याच्या दुखापतीचं निदान झालेलं असेल, किंवा तो स्वतः तसं पटण्यासारखं सांगत असेल, तर ओटीएच देऊन काढायच्या आधी त्याची तपासणी करून, या आजाराचा त्या वागण्याशी संबंध आहे का हे बघायचंच. तू जानेवारी २०१३ ला परतलास, जून २०१४ ला काढलं, म्हणजे २४ महिन्यांच्या आतच. तेव्हा कोणाला सांगितलं होतंस का झोप येत नाही, दचकतो, डोकं दुखतं? परतल्यावर जो हेल्थ असेसमेंटचा फॉर्म भरून घेतात त्यात काय टिक केलंयस बघ. सगळे 'नो' टिक करतात कारण घरी जायची घाई असते, ते मला माहितीये, पण एखादा 'येस' असेल तर सोनं आहे. आणि पुढचा ट्रक उडाला म्हणतोस तर तुझ्या गाडीलाही हादरा बसला असणार, कानात आवाज, चक्कर, काही मिनिटांचं न आठवणं असं काही झालं होतं का, ते आताच्या डॉक्टरला सांग, पीटीएसडीच्या मागे डोक्याची दुखापत लपून जाते.

आता मुख्य. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे जे मी वर घेतलं नाही, की 'मी आता सुधारलोय हे त्यांना दाखवून दिलं की देतील ना?' नाही रे, तेवढ्याने नाही देत. नोकरी, संसार, मुलगी, दारू सुटली, हे सगळं लागतं, २५ जुलै २०१८ चा पेंटॅगॉनचा एक मेमो आहे, विल्की मेमो म्हणतात, त्यात नंतरचं आयुष्य, जबाबदारी घेणं, किती काळ गेला, लोक काय म्हणतात, हे सगळं बघा असं बोर्डांना सांगितलंय. पण ते तोंडी लावायला. तुझं मूळ जेवण दुसऱ्या मेमोत आहे, २५ ऑगस्ट २०१७, कुर्टा मेमो. त्यात बोर्डाने स्वतःला चार प्रश्न विचारायचे असतात. या माणसाला असा काही आजार किंवा अनुभव होता का ज्यामुळे त्याचं वागणं माफ किंवा सौम्य ठरू शकेल. तो नोकरीच्या काळातच होता का. त्याने ते वागणं खरंच सौम्य ठरतं का. आणि सगळं तराजूत टाकलं तर तो आजार त्या डिस्चार्जपेक्षा जड भरतो का. तुझं स्टेटमेंट या चार प्रश्नांना, याच क्रमाने उत्तर देणारं पाहिजे, भलतीकडे जाऊन आत्मचरित्र नको.

हे मेमो काही कोणाला पुळका आला म्हणून निघाले नाहीत. व्हिएतनामहून आलेल्या हजारो लोकांना असेच शिक्के मारून घालवलं, पीटीएसडी हे नाव मुळात वैद्यकीय पुस्तकात आलं १९८० ला, तोवर ते बिचारे नुसते बेशिस्त. त्यांच्यातले काही जण येल लॉ स्कूलच्या क्लिनिकच्या मदतीने २०१४ ला कोर्टात गेले आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला डिफेन्स सेक्रेटरी हेगलने पहिला मेमो काढला, की अशा केसेसकडे उदारपणे बघा. तुला काढल्यानंतर तीन महिन्यांनी. नंतर इराक-अफगाणिस्तानवाल्यांनी आर्मीवर सगळ्यांच्या वतीने एकच असा वेगळा क्लास अ‍ॅक्शन केला, केनेडी आणि कार्सन नावाचे दोन माजी सोल्जर पुढे होते, त्यात २०२१ ला सेटलमेंट होऊन आर्मीला जुने हजारो निकाल परत तपासायला लागले. म्हणजे तू काही जगावेगळं मागायला जात नाहीयेस, वाट पडलेली आहे.

गांजाबद्दल तू शरमेने अर्धं पान लिहिलंयस, त्याची एवढी गरज नाही. कुर्टा मेमोतच लिहिलंय की काही चुकांचं वजन काळाबरोबर बदलतं, आणि उदाहरण म्हणून गांजाच दिलाय, आर्मीत तो आजही बेकायदा आहे पण कित्येक राज्यांत कायदेशीर झालाय, तेव्हा सौम्य करणारी कारणं असतील तर तो पूर्वीइतका गंभीर धरू नये. आणि झोप येत नाही म्हणून स्वतःच स्वतःवर केलेला उपाय, हे त्यांना नवीन नाही, दारू आणि ड्रग्स वाढणं हीच लक्षणं म्हणून त्या मेमोत मोजलीयेत. कामातली घसरण, घरात भांडणं, एकटं राहणं, ही पण. पण जबाबदारी झटकू नकोस. 'मी ओढला, मला नियम माहीत होता' हे पहिल्या परिच्छेदात सरळ लिही आणि मग का ते लिही. उलटं लिहिलंस की सबबी वाटतात.

मेमोतल्या दुसऱ्या प्रश्नावर घोडं पेंड खातं. आजार नोकरीच्या काळात होता का? तुझं निदान आत्ताचं आहे, सिव्हिलियन डॉक्टरचं. त्या डॉक्टरकडून पत्र घे, पण नुसतं 'याला पीटीएसडी आहे' असं नको, 'हा २०१२ च्या त्या स्फोटापासून आहे, आणि २०१३-१४ मधलं पिणं, गैरहजर राहणं आणि गांजा हे त्या आजाराशी जुळतं' एवढं त्यात पाहिजे, आणि त्याने तुझे मिलिटरीचे कागद वाचून लिहिलंय हेही. बोर्ड पाच जणांचं असतं आणि अशा केसमध्ये त्यात एक सायकॉलॉजिस्ट किंवा सायकायट्रिस्ट वगैरे असावाच लागतो, तो हे पत्र नीट वाचतो.

आणि तेव्हा तुला कोणी डोळ्यांनी बघितलंय? युनिटमधले दोस्त, त्यांना शोध, फेसबुकवर सापडतील, एका-दोघांनी तरी 'मी त्या कॉन्व्हॉयमध्ये होतो, परतल्यावर हा असा असा झाला' लिहून दिलं तर फार उपयोग. आणि घरचे. कुर्टा मेमोत स्पष्ट आहे की कुटुंब, मित्र, रूममेट, पुजारी-पाद्री यांच्याकडूनही पुरावा येऊ शकतो. आता तुझा तिसरा प्रश्न, आईबाबांना न कळता होईल का. कागदोपत्री होईल, त्यांच्याकडे कोणी विचारायला येत नाही, अर्ज तुझा, सही तुझी. पण २०१३ मध्ये तू काय झाला होतास याचा सगळ्यात चांगला साक्षीदार तुझी आई आहे. तिने तुला गाडीखाली पडलेलं बघितलं. आणि बघून तिला इतकं नीट कळलं की लोकांसमोर तिने लगेच चावी पडल्याचं सांगितलं. तिला काही कळलं नसतं तर तिने 'अरे काय झालं' म्हणून आरडाओरडा केला असता. म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहितीये आणि सगळे गुळणी धरून बसलेत, तू पण. तू जे लपवतोयस ते तुझा पुरावा आहे रे बाबा.

आईला लिहायला सांगशील तेव्हा ती काय लिहील ते मी आत्ता सांगते: माझा मुलगा लहानपणापासून सालस, अभ्यासू, देवाधर्माचं करणारा, त्याच्या हातून असं होणं शक्य नाही. हे नको. याने एक पैशाचा उपयोग नाही, उलट आईला काही माहीतच नव्हतं असं दिसतं. तिला सांग, फक्त बघितलेलं लिही. साधारण असं, 'नोव्हेंबर २०१३, दिवाळी, आम्ही देवळातून बाहेर पडत होतो, मुलांनी फटाक्यांची माळ लावली, माझा मुलगा जमिनीवर पालथा पडून गाडीखाली सरकला, त्याचे हात कानावर होते, मी हाक मारली तर त्याला ऐकू आलं नाही. मी लोकांना खोटं सांगितलं की चावी पडली. त्या सुट्टीत तो रात्री झोपायचा नाही, मी पाणी प्यायला उठले की तो हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसलेला असायचा.' हॉलचं मी माझ्या मनाने घातलंय, तिने काय बघितलं ते तीच सांगेल, आणि तिने बघितलेलंच लिहायचं, एक शब्द वाढवायचा नाही. मराठीत लिहू दे तिला, इंग्रजीत लिहायला लागली की परत सालस आणि अभ्यासू होईल. खाली सही-तारीख, आणि कोणीतरी इंग्रजी भाषांतर करून 'मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे' असं लिहून सही करून जोडायचं. तेव्हाचे मेसेज, ईमेल, फोटो कोणाकडे असतील तर तेही, जुना फोन कपाटात पडलेला असतो प्रत्येकाच्या.

बाबांशी बोलणं कठीण आहे, मान्य. साताऱ्याकडच्या फौजी घरातला माणूस, त्यांच्या डोक्यात 'काढून टाकलं' म्हणजे कोर्टमार्शल होऊन डिसमिस, पेन्शन बुडाली, गावात तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा त्यांना पहिलं हे समजावून सांग की तुझं कोर्टमार्शल झालेलं नाही. तुझा डिस्चार्ज प्रशासकीय आहे, कोणत्याही कोर्टाने तुला गुन्हेगार ठरवलेलं नाही. जनरल कोर्टमार्शलने दिलेला डिस्चार्ज असता तर रिव्ह्यू बोर्डाला हातही लावता आला नसता. हा फरक बऱ्याच घरांत कोणी सांगतच नाही आणि बाप उगाच दहा दहा वर्षं मनात नको ते घेऊन बसतो. गावाला जे सांगितलंय ते सांगितलंय, त्याचं काय करायचं ते बाबा बघतील, त्यात तू पडू नकोस. बाबांकडून तुला स्टेटमेंट नकोच आहे, ते देणारही नाहीत, आईला लिहायला अडवलं नाही म्हणजे पुष्कळ झालं.

मिळेल काय याचाही हिशोब सांगते, नाहीतर उगाच आकाशाला हात लावून बसशील. ओटीएचवरून दोन पायऱ्या वर आहेत, 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' आणि त्याच्यावर 'ऑनरेबल'. माग ऑनरेबलच, पण हातात जनरल पडला तर रडू नकोस. जीआय बिलाला पूर्ण ऑनरेबल लागतो, जनरल चालत नाही, हे खरं. पण तू टेक्सासमधून भरती झालास ना? टेक्सासचा हेझलवूड कायदा आहे, राज्याच्या सरकारी कॉलेजांत १५० क्रेडिट अवरपर्यंत ट्यूशन माफ, आणि त्याला जनरल चालतो. भरतीच्या वेळी टेक्सासचा रहिवासी असणं, किमान १८१ दिवस अ‍ॅक्टिव्ह ड्युटी, अशा अटी आहेत, तू त्यात बसतोस असं दिसतंय. नर्सिंग त्यावरही होईल. वकिलाने हे सांगितलं का तुला? नसेल सांगितलं तर पाच हजाराचं काय ते तूच ठरव.

वकिलाचं म्हणशील तर अशा केसेस फुकट करणारे चांगले लोक आहेत, नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅम, द व्हेटरन्स कन्सोर्शियम, लॉ स्कूलची क्लिनिकं. रांग असते, सगळ्यांना घेत नाहीत, पण कागद आधीच जमवलेले असले की घेण्याची शक्यता वाढते. तुझ्या काउंटीत व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर असतो, डीएव्ही किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे लोक पण फॉर्म भरायला बसतात तुझ्याबरोबर. पैसे देऊनच करायचं असेल तर वकिलाला दोन गोष्टी विचार, कुर्टा मेमोच्या किती केसेस केल्यात, आणि लिमिटेड यूज म्हणजे काय. दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर चहा पिऊन उठ. अजून एक, जुने निकाल नावं काढून इंटरनेटवर ठेवलेले असतात, बोर्ड्स डॉट लॉ डॉट एएफ डॉट मिल, तिथे आर्मीच्या रिव्ह्यू बोर्डाचे तुझ्यासारखे निकाल वाच, मिळालेले पण आणि नाकारलेले पण. एक संध्याकाळ घालवलीस तरी ते लोक काय बघतात ते कुठल्याही वकिलापेक्षा नीट कळेल.

कसा अर्ज करायचा यात एक चाल आहे. आधी फक्त कागदांवर निर्णय मागता येतो, आणि नाकारला तर नंतर, १५ वर्षं संपायच्या आत, सुनावणी मागता येते. सरळ सुनावणी मागितलीस तर मग कागदांवरचा टप्पा परत मिळत नाही. म्हणून आधी कागद, आणि कागद असे भरभक्कम की सुनावणीची वेळच येऊ नये. निर्णयाला वर्ष सहज लागतं, कधी जास्त, म्हणून २०२९ ला टेकून चालणार नाही, दुसऱ्या टप्प्याला वेळ उरला पाहिजे. मधे घर बदललंस तर बोर्डाला पत्ता कळव, पत्र परत गेलं की फाइल बंद होऊन बसते.

दरम्यान व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्यांच्याकडे आजच जा. हे सगळ्यांना उलटं वाटतं, आधी अपग्रेड मग व्हीए. तसं नाहीये. व्हीए स्वतःचा वेगळा निर्णय घेतं की तुझी नोकरी त्यांच्या दृष्टीने पात्र आहे का, जून २०२४ पासून त्यांचे नियम अजून सैल झालेत, त्यात युद्धातला अनुभव, मनाचा आजार हे बघावं लागतं. आणि १०० दिवसांपेक्षा जास्त नोकरी करून युद्धक्षेत्रात गेलेल्या ओटीएचवाल्याला मानसिक आजाराचे उपचार तर २०१८ च्या कायद्यानेच मिळतात. काउंटरवर कोणी 'तुम्हाला काही मिळत नाही' म्हणालं तर तोंडी ऐकून परत येऊ नकोस, अर्ज आत घ्या आणि लेखी द्या म्हण. व्हीएच्या डॉक्टरने लिहिलेलं निदान बोर्डापुढे पण चालतं. आणि रात्री फार वाईट वाटलं, गोळ्यांकडे बघत बसावंसं वाटलं, तर ९८८ या हेल्पलाइनला फोन लावून १ दाब, तिथे डिस्चार्ज विचारत नाहीत.

(हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आर्मीतूनच सिटिझन झालं असेल आणि पाच वर्षं सन्मानाने पूर्ण व्हायच्या आत ओटीएच मिळाला असेल तर त्यांनी हे सगळं वाचून स्वतः अर्ज करत बसू नये, आधी इमिग्रेशन वकील गाठावा, कारण तसं मिळालेलं नागरिकत्व रद्द करायची तरतूद कायद्यात आहे. तुझं तसं नाही, तू आईबाबांबरोबर झालास.)

राहिला नोकरीचा फॉर्म. खोटं लिहू नकोस, विशेषतः सरकारी नोकरीच्या किंवा क्लिअरन्सच्या फॉर्मवर, तिथे खोटं लिहिणं हाच वेगळा गुन्हा होतो आणि मग अपग्रेड मिळूनही उपयोग नाही. पण न विचारलेलं सांगायची सक्ती नाही. 'मिलिटरीत होता का' एवढंच असेल तर हो, साल लिही, काम लिही, बस. 'डिस्चार्ज कोणता' असं विचारलं असेल तर आहे तो लिही आणि अर्ज गेलेला असेल तर पुढे 'रिव्ह्यूसाठी अर्ज केलाय' हे जोड. नर्सिंग कॉलेजमध्ये अ‍ॅडमिशनला बहुतेक ठिकाणी ते विचारतच नाहीत, लायसन्सच्या वेळी तुझ्या राज्याचं नर्सिंग बोर्ड शिक्षांबद्दल विचारेल, त्यात तुझं आर्टिकल १५ येतं का हे फॉर्मवरचा प्रश्न शब्द न शब्द वाचून आणि त्या फुकटच्या वकिलाला विचारूनच भर. फॉर्म १८० मात्र या आठवड्यातच पाठव, सेंट लुईसवाले त्यांच्या चालीने चालतात.